मशीनसमोरची बाई

सकाळी ती कामावर निघाली तेव्हा अंगणातल्या खोदायच्या मशीनच्या मागच्या हाताचे दात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पार वर होते, आणि संध्याकाळी परतली तेव्हा ते खिडकीच्या कट्ट्यापर्यंत उतरले होते. फाटकाच्या कडीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. मशीन चालू होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच्या इंजिनाचं डोकं पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून ठेवलं होतं आणि गेले कित्येक दिवस येणारे-जाणारे त्याला वळसा घालून सोफ्यावर बसत होते. धडधाकट मशीनने दिवसभरात हात खाली घेतला तर कुणी विचारणार नाही. पण डोकं काढून ठेवलेल्याने घेतला की छातीत धस्स होतं. नवरा उपड्या टबावर बसून चिंधीने एकेक बोट पुसत होता. "अहो, हा खाली कसा आला?" तिने विचारलं. त्याने वर पाहिलं, जरा उशिराच पाहिलं, आणि मग अगदी समजावून सांगितलं, "आपला आपणच. नवीन सील धरतात का बघायला हाताला बांधलेली साखळी सोडली होती. नाही धरत. तेल इकडचं तिकडे झिरपतंय, आतल्या आत. बाहेर थेंबसुद्धा दिसायचा नाही तुम्हाला. वजनाने हात बसत जातो, बघत राहिलं तरी कळत नाही. खिडकीला नाही लागणार. काळजी करू नका, बाई." ती हसली. "बरं, ऑपरेटरसाहेब," म्हणाली आणि आत गेली. चहाचं आधण ठेवलं, साखरेचा डबा उघडला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो हसला नव्हता. तो थट्टा करायचा तेव्हा त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा. मघाशी दोन्ही डोळे सरळ होते. एखाद्या परक्या बाईला उगाच भीती वाटू नये म्हणून माणूस ज्या अदबीने बोलतो, त्या अदबीने तो बोलला होता.

'बाई' हे काही नवीन नव्हतं, म्हणून तर ती हसली होती. लग्नाआधी तो तिला बाईच म्हणायचा. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे सांभाळायला लागली तेव्हा नव्या पोरीला कुणी पंख्याखाली बसू देत नव्हतं. नकाशाची गुंडाळी काखेत मारून तिला खोदकामावर पाठवायचे, कुठल्या रस्त्याखाली कोणती नळी किती खोल आहे ते सांगायला. तो मशीनवर असायचा. मशीनवर बसलेल्या माणसाला मागच्या हाताचा अंदाज असतो, पण खड्ड्याचा तळ दिसत नाही, आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू तर काहीच येत नाही. म्हणून खड्ड्याच्या काठाशी एक माणूस उभा करतात. तो हाताने खुणा करतो: बोट वर करून गोल फिरवलं की उचल, तळवा खाली दाबला की सोड, अंगठा आणि बोट जवळ आणलं की अगदी हळू, मूठ वर केली की थांब. काठावर दहा जण उभे असले आणि दहाही जण शहाणपणा शिकवत असले तरी ऑपरेटर एकाच हाताकडे बघतो. बाकीच्यांकडे बघायला लागला तर खालची नळी तरी फुटते नाहीतर खालचा माणूस तरी जातो. त्याने पहिल्याच दिवशी मुकादमाला सांगून टाकलं होतं, की नकाशावाल्या बाईंचा हात असेल तरच मी काम करीन, तुमचा माणूस डास मारल्यासारखे हातवारे करतो. तिला आधी वाटलं, हा आपली टर उडवतोय. मग तिने पाहिलं की काचेमागचे ते डोळे खरोखरच तिच्या बोटांवरून हलत नाहीत. तिने अंगठा आणि बोट एकमेकांकडे न्यावं आणि तिकडे त्या एवढ्या थोरल्या लोखंडाने श्वास रोखून मातीचा पापुद्रा काढावा. तिच्याकडे तोपर्यंत कुणी असं बघितलं नव्हतं. घरात तिचे शब्दसुद्धा कुणी पुरते ऐकून घेत नव्हते, आणि इथे नुसत्या बोटावर जमीन उघडत होती. पुढे लग्न झालं, लेक झाली, नकाशे संगणकात गेले आणि तीही पंख्याखाली बसायला लागली. पण घरात काही बिनसलं, बोलणं बंद झालं, की दुसऱ्या दिवशी तो दारातून मूठ वर करून दाखवायचा. थांब आता, पुरे. आणि ती थांबायची. तिच्या मैत्रिणींच्या घरी भांडणं मिटवायला सासू-सासरे बसायचे, हिच्याकडे मूठ होती.

आता तेच मशीन अंगणात होतं. तसलंच नव्हे, तेच. शेजारी त्याला जेसीबी म्हणत, लेक त्याला 'बाबांचं भंगार' म्हणायची. निवृत्तीनंतर वर्षभर तो घरात नुसता फिरला, दिवे लावले, विझवले, आणि एक दिवस शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात त्याला ते दिसलं, काटेरी झुडपात रुतलेलं, टायरांत माती भरलेली, बसायच्या जागी कुत्रीने पिल्लं घातलेली. केबिनच्या दाराला आतून त्याने केव्हातरी पत्र्याची कडी बसवली होती, ती पाहून त्याने ओळखलं. क्रेनने आणून अंगणात ठेवलं तेव्हा कुंपणाचा एक खांब गेला, तिची झाडं गेली आणि स्वयंपाकघरातला उजेड गेला. ती रागावली नाही असं नाही. चार दिवस दिवसाढवळ्या दिवा लावून ती स्वयंपाक करत राहिली आणि भांडी जरा जास्तच आपटत राहिली. पण तो हसत होता, भूक लागली म्हणून हाक मारत होता. त्याआधी तो घराचं कुलूप उघडं टाकून निघून जायचा, किराणा दुकानदाराशी तोच तो हिशोब पुन्हा काढून भांडायचा. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे असं होत जाणार, हळूहळू होणार, हाताला लागलेल्या सवयी सगळ्यांत शेवटी जातात, तेव्हा हातांना काम द्या. तिने हातांना काम दिलं होतं. तिला वाटलं होतं, मशीन बरं होईल तसा तोही होईल.

झालं भलतंच. ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. उभा जन्म तिने जमिनीखाली काय आहे आणि काय नाही हे पांढऱ्यावर काळं करून सांगण्यात घालवला होता. पण ज्या दिवशी इंजेक्टर साफ होऊन त्यांतून डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडाला, त्या दिवशी तो कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेला आणि परतीचा रस्ता विसरला. पुढच्या बकेटीच्या पिना नव्या बसल्या आणि ती कुरकुर न करता डुलायला लागली, त्या दिवशी त्याने जेवताना विचारलं की आपली आई अजून जेवायला का आली नाही. सासूबाईंना जाऊन लेकीच्या वयाइतकी वर्षं झाली होती. मग ती लक्ष ठेवायला लागली, आणि लक्ष ठेवायला लागल्यावर काही सुटेना. गंजलेला पाइप गेला, नवा आला, की त्याच्यातली एखादी गल्ली, एखादं गाणं, एखादा मित्र गेलेला असायचा. कचेरीत पडद्यावर निळ्या रेघा जुळवताना तिला मध्येच वाटायचं, आत्ता तिकडे तो कसला तरी नट आवळतोय, आणि ती रेघ सोडून घड्याळाकडे बघायची. घरी पोचून ती आधी मशीनकडे बघायची, मग त्याच्याकडे. मशीनवर रोज थोडा पिवळा रंग वाढलेला असायचा. त्याचा चेहरा मात्र नितळ होत चालला होता, कपाळावरच्या आठ्या पुसत चालल्या होत्या, तो देखणा दिसायला लागला होता. शेजारीण म्हणालीसुद्धा, "काका हल्ली छान दिसतात हो, मशीन मानवलं त्यांना." ती हो म्हणाली.

एकदा सुट्टीच्या दुपारी तिने ठरवून त्याला त्या खोलीबद्दल विचारलं. ही खोली जगात दोघांनाच माहीत होती. लग्नाच्या आधीची गोष्ट. एका जुन्या रस्त्यावर खोदताना मशीनचे दात एकाएकी रिकाम्यात गेले. नकाशात तिथे नुसती चिकणमाती होती. तिने मूठ वर केली, तो थांबला, उतरला, आणि दोघांनी वाकून पाहिलं तर खाली विटांची एक लहानशी खोली, मध्ये एक खुर्ची, आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. दार नाही, जिना नाही. आतून हवा आली ती थंड नव्हती, तिला नीट आठवत होतं, अंगाच्या उबेइतकी कोमट होती. मजूर जेवायला गेले होते. तो मशीनवर चढला, तिने तळवा खाली दाबला, आणि दोघांनी मिळून ते भोक बुजवून टाकलं. नळी दोन हात बाजूने गेली. का बुजवलं, ते कधी एकमेकांना विचारलं नाही. पण त्याच संध्याकाळी त्याने तिला बसथांब्यापर्यंत सोडलं आणि तिथपासून सगळं सुरू झालं. आता ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "ती खोली आठवते का हो? रस्त्याखालची?" तो ग्रीस भरत होता. त्याने मनापासून आठवून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. मग म्हणाला, "नाही, तिथे चिकणमाती होती. सरळ पिवळी चिकणमाती. मी स्वतः खोदलंय की." तिला तोंडात मारल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने तो रस्ता पडद्यावर काढला. चिकणमाती. आता ती खोली फक्त तिच्या डोक्यात उरली होती, आणि एकटीच्या डोक्यात असलेल्या खोलीला खोली म्हणायचं की आणखी काही, हे तिला कळेना. त्या खुर्चीवर कुणी बसलेलं होतं का, हेही तिला आता खात्रीने सांगता येईना. जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांत बसली आणि घरून आणलेला डबा न उघडता परत घेऊन आली.

केबिनमध्ये नवीन गादी बसल्यावर तो रोज तिथे चढून बसायला लागला. डोकं नसलेल्या मशीनचे दांडे तो पुढे-मागे करायचा, डोकं किंचित तिरकं करून, खड्ड्याच्या काठाशी कुणाकडे तरी बघत असल्यासारखा. खिडकीतून तिला ते दिसायचं. एकदा तिने ओल्या हातानेच खिडकीत मूठ वर केली. त्याचे हात जागच्या जागी थांबले. आनंदाने तिला रडू फुटलं, तिने भाजी जाळली, फोन करून लेकीला सांगितलं, "अगं, ओळखतात ते, माझा हात ओळखतात." लेक म्हणाली, "बरं झालं गं आई." आणि फोन ठेवता ठेवता तिला आठवलं, की थांब ही एकच खूण अशी आहे जी कुणाचीही पाळायची असते. उचल, सोड, हळू या खुणा आपल्या माणसाच्याच; पण मूठ रस्त्याने चाललेल्या पोराने वर केली तरी थांबायचं. तिने पुन्हा खिडकी गाठली आणि बोट वर करून गोल फिरवलं. फिरवत राहिली. तो तिच्याकडे पाहत होता, अगदी सरळ पाहत होता, आणि त्याचे हात मांडीवर स्वस्थ होते.

त्यानंतर तिने चोऱ्या सुरू केल्या. दुसरा शब्द नाही त्याला. एक वॉशर, एक स्प्रिंग, डिझेलच्या पंपाची एक टोपी. तो आंघोळीला गेला की अंगणात जायचं, हाती येईल ते उचलायचं, पर्समध्ये टाकायचं आणि कचेरीत नेऊन जुन्या नकाशांच्या नळकांड्यांत सोडायचं. तिचा विचार साधा होता, इतका साधा की मोठ्याने म्हणायला लाज वाटावी: मशीन पुरं झालं नाही तर तोही पुरा जाणार नाही. जन्मभर त्याचं काम नीट व्हावं म्हणून उन्हात उभी राहिलेली बाई आता त्याच्या पायात पाय घालत होती. तो शोधायचा, टब उपडे करायचा, मग पत्रा कापून, कानस घासून, तीच वस्तू नव्याने घडवायचा. चिडत नव्हता. त्या कानशीचा आवाज मात्र तिच्या दातांत शिरायचा. एका संध्याकाळी ती परतली तर तो फाटकापाशी तिची वाट पाहत उभा होता, आणि तिला बरं वाटलं, कारण तो हल्ली वाट पाहायचा नाही. त्याने आवाज खाली घेतला. "एक सांगू का? घरात बोलू नका पण. इथे एक बाई येतात. सकाळी मी आत गेलो की येतात, मशीनमधलं काही ना काही घेऊन जातात. मी न्हाणीघराच्या झरोक्यातून पाहिलंय." "मग तुम्ही पकडलं नाहीत?" "कशाला? एकटी असेल बिचारी. नेऊ दे काय न्यायचं ते. फक्त आमच्या हिला कळायला नको, ती घाबरेल. कामावरून दमून येते हो ती." एवढं बोलून तो दिव्याची काच पुसायला गेला, आणि ती फाटक आतून लावायचं की बाहेरून, हे न सुचून कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.

तिने सगळं परत आणून दिलं. पर्स उलटी करून त्याच्या टबाशेजारी ओतलं. त्याला खूप आनंद झाला. "बघा, आणून दिलंन् की नाही! चांगल्या घरच्या असणार," तो म्हणाला, आणि ती चांगल्या घरची बाई आत जाऊन दिवाणावर पडून छताकडे बघत राहिली. आपल्याविषयी तिला राग येत होता की दुसऱ्या कुणाविषयी मत्सर वाटत होता, हे तिला उलगडेना. कारण तो 'आमची ही' म्हणाला तेव्हा त्याचा आवाज ओला होता. कुणीतरी होतं, ज्याच्यासाठी तो अजून इतका हळवा होता, ज्याला घाबरवायचं नव्हतं, जे कामावरून दमून येत होतं. ती कोण, कुठे राहते, कधी येते, हे त्याला माहीत असल्यासारखं वाटत होतं. तिला माहीत नव्हतं. घरात वावरताना ती हल्ली दार उघडण्याआधी किंचित थांबायची, आत कुणी असेल तर दचकू नये म्हणून. आरशात केस विंचरताना घाईघाईने विंचरायची, दुसऱ्याच्या घरात विंचरावे तसे.

इंजिन सुरू झालं ते लेक आली होती त्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. लेक खरं तर मशीन विकायचं भंगारवाल्याशी बोलून आली होती, पण इंजिनावर डोकं बसलेलं, काच पुसलेली, पिवळंजर्द मशीन पाहून ती तो विषय काढायचाच विसरली. त्याने तिला पाहताक्षणी ओळखलं, "आली माझी चिमणी," म्हणाला, ऑइलने बरबटलेल्या हातांनी तिचा गालगुच्चा घेतला. मग केबिनमध्ये चढला. पहिल्यांदा नुसती घरघर झाली, दुसऱ्यांदा धुराचा काळा लोट गेला, आणि मग अंगण, भिंती, खिडकीच्या काचा, सगळं थरथरायला लागलं. शेजारी गच्च्यांवर आले. मागचे दोन पाय जमिनीवर टेकले आणि मशीन मागच्या अंगाने उचललं गेलं. तिच्या पायाच्या तळव्यांतून तो जुना हादरा वर आला, आणि काही ठरवण्याआधीच ती चालत जाऊन उभी राहिली होती: मागच्या हाताच्या डावीकडे, पाच-सहा पावलांवर, त्याला सरळ दिसेल अशी. तिने बोट वर केलं. उचल. गोल फिरवलं. हात हलला नाही. तिने पुन्हा फिरवलं. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. त्याने केबिनची मागची काच सरकवली आणि ओरडून, पण अदबीने म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा. तिथे माझं माणूस उभं राहतं."

ती बाजूला झाली. "बाबा, हलवा की आता!" लेक टाळ्या वाजवत ओरडली, तिला ऐकू गेलं नव्हतं. त्याने मान हलवली. "आईला बोलाव तुझ्या. तिच्या हाताशिवाय मी कधी हलवलंय का?" लेकीने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग डोळे भरून येऊन ती म्हणायला लागली, "बाबा, अहो, ही काय आई—" तेवढ्यात तिने लेकीचा दंड दाबला. "राहू दे," ती म्हणाली. "मी आणते बोलावून." आणि ती घरात गेली. आत सगळ्या भांड्यांची एकमेकांशी बारीक किणकिण चालली होती. पुढच्या खोलीत फरशीवर इंजिनाच्या डोक्याचा तेलकट डाग होता. ती स्वयंपाकघरात गेली. तिथे आज उजेड होता, कारण तो हात बाजूला वळलेला होता. झोपायच्या खोलीत गादीवर अर्धवट घडी घातलेली चादर होती. आत्ताच कुणीतरी ती घालता घालता उठून गेलं असावं. न्हाणीघराचं दार तिने ढकलून पाहिलं. आपण खरोखर शोधतोय हे तिच्या ध्यानात आलं, तरी तिने कपाटामागे पाहिलंच. बाहेर मशीन वाट पाहत होतं, दमाने, एका लयीत. त्याला अजिबात घाई नव्हती. तिने तोंडावर पाणी मारलं, बाहीनेच ते पुसलं आणि ती बाहेर आली.

"येतेय," तिने मोठ्याने सांगितलं. "हातातलं काम टाकून येतेय. थांबा जरा."

"थांबतो की," तो म्हणाला. "कुठे जायचंय मला?" आणि तो तिच्या खांद्यावरून घराच्या दाराकडे बघत बसला, दांड्यांवर हात ठेवून, इतक्या प्रेमाने, की तिलाही मान वळवून तिकडे बघावंसं वाटलं.